लाखाचा टीव्ही, तीन तक्रारी

शहागडहून मामेभावाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. "दादा, तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोस ना? मग एकदा येऊन आमचा टीव्ही बघून जा. मेकॅनिक म्हणायलाय, पॅनल गेलंय." पॅनल गेलं म्हणजे टीव्हीच्या किमतीतला मोठा वाटा गेला. उसाच्या बिलातून घेतलेला ६५ इंची ओलेड टीव्ही, सोबत साउंडबार, आणि भिंतीवर चढून जेमतेम पाच आठवडे झालेले. हमी आहे, पण दुकान शहरात, आणि दुकानदार म्हणतो की आधी मेकॅनिकचा कागद आणा.

रविवारी सकाळी पोहोचलो. शहागड गोदावरीच्या काठावरचं, अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा. मामांचं घर रस्त्यापासून थोडं आत, दिवाणखान्याचं दार दक्षिणेला, आणि टीव्ही बरोबर दारासमोरच्या भिंतीवर. चहा होईपर्यंत तक्रारी ऐकून घेतल्या. मामेभावाची तक्रार अशी की दुकानात झगमगणारं चित्र घरी आल्यावर अंधारं झालं. आठवीतल्या पुतण्याची तक्रार, की गेम खेळताना बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते. तिसरी तक्रार मामांची, ती त्यांनी स्वतः सांगितलीच नाही, मामींनी सांगितली. "ह्यांला त्यातलं बोललेलंच समजंना गेलंय. पहिला टीव्ही होता तर रोज बातम्या बघायचे. आता ओट्यावर जाऊन बसतेत." मेकॅनिकचं मत असं, की तिन्ही तक्रारींचं मूळ एकच: पॅनल.

चित्र, बटण आणि आवाज या तिन्हींना बिघडवू शकेल असा पॅनलचा दोष मला ठाऊक नाही. पण मेकॅनिकच्या मताला नुसतं हसून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं.

आधी चित्र. ओलेड पडद्यात मागून येणारा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्या जागी चक्क विझतो. ६५ इंची फोर-के पडद्यावर असे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात. ठिपका विझला की प्रकाश शून्य, म्हणून जाहिरातीत या पडद्याचा कॉन्ट्रास्ट 'अनंत' लिहितात. ते खरं आहे, पण बंद खोलीत. दार उघडलं की अनंताचं काय होतं ते साध्या गणितानं कळतं. मोबाइलमधल्या प्रकाशमापकानं पडद्यापाशी सुमारे ३०० लक्स उजेड दाखवला. फोनचं माप अगदी काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. समजा काचेवर पडलेल्या उजेडातला फक्त १ टक्का परत फिरतो. तरी ३०० लक्सचे सुमारे १ निट होतात. निट हे पृष्ठभागाच्या उजळपणाचं एकक. म्हणजे टीव्हीनं ठिपका कितीही विझवला तरी मामांच्या दिवाणखान्यातला 'काळा' सकाळी अकरा वाजता १ निटच्या खाली जाऊच शकत नाही. चित्रातली उजळ जागा ५०० निटची धरली तर अनंताचे उरले पाचशे. रात्रीच्या प्रसंगांतले चेहरे १-२ निटच्या आसपास रंगवलेले असतात. ते या धुरकट काळ्यात बुडून जातात.

दुसरी गोष्ट जास्त गंमतीची आहे. जुन्या टीव्हीत उजळपणा सापेक्ष होता: सिग्नलनं 'निम्मा' म्हटलं की टीव्ही आपल्या कुवतीच्या निम्म्यावर जायचा, आणि घरातला माणूस ब्राइटनेस वाढवून हवं तेवढं उजळ करून घ्यायचा. एचडीआर चित्रपटांत तसं नाही. २०१४ साली प्रमाणित झालेल्या 'पीक्यू' या वक्रानुसार सिग्नलमधला प्रत्येक आकडा थेट निटमध्ये बांधलेला असतो, शून्यापासून १० हजार निटपर्यंत. हा वक्र आखताना मूळ आधार घेतला तो माणसाच्या डोळ्याचा. अंधारात आपल्याला अगदी बारीक फरक कळतात, उजेडात फरक मोठा असावा लागतो. म्हणून अंधाऱ्या छटांना जास्त आकडे आणि लखलखीत छटांना कमी. कल्पना सुंदर आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: बघणारा काळोख केलेल्या खोलीत बसला आहे. शहागडच्या उन्हात, उघड्या दारासमोर बसून कुणी चित्रपट बघेल, हे त्या वक्राच्या हिशेबात नाही.

शिवाय डोळा. बाहेर ऊन १ लाख लक्सच्या घरातलं. मामेभाऊ शेतातून येऊन थेट पडद्यासमोर बसतो तेव्हा त्याची बाहुली आकसलेली असते. बाहुली २ मिलिमीटरवरून ८ पर्यंत उघडली तर आत जाणारा प्रकाश सोळापट होतो, पण डोळ्याचं खरं जुळवून घेणं बाहुलीत नाही, पडद्यामागच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागच्या रसायनात चालतं, आणि पूर्ण अंधाराला सरावायला त्याला २० ते ३० मिनिटं लागतात. 'आधी अंधार वाटतं, मग बरं दिसायला लागतं,' असं तो म्हणाला होता. टीव्हीनं या काळात काहीच केलेलं नसतं.

एवढं झाल्यावर सेटिंगमध्ये शिरलो. वीजबचतीचा पर्याय चालू होता. तो बहुतेक टीव्हींमध्ये कारखान्यातून चालूच येतो, कारण लेबलावरचे तारे त्याच अवस्थेत मोजलेले असतात. तो बंद करताच चित्र ठळक उठलं. दुकानात टीव्ही 'दुकान' अवस्थेत आणि भडक रंगांत चालवतात, तेव्हा हाच टीव्ही कमाल ताकदीनं जळत असतो. क्रिकेटचं हिरवं मैदान मात्र नंतरही थोडं दबलेलंच दिसलं. तो दोष नाही. सगळा पडदा एकदम उजळ करायचा झाला तर विजेचा भार आणि उष्णता वाढते, म्हणून ओलेड टीव्ही आपणहून हात आखडता घेतो. काळ्या आकाशातली चांदणी हजार निटनं चमकवेल, पण आख्खं पांढरं चित्र त्याच्या चतुर्थांशानं दाखवेल. ज्यांच्या घरी दिवसा दारं-खिडक्या उघडी टाकून क्रिकेट बघतात त्यांनी मागून दिवा असलेला, मिनी-एलईडीचा टीव्ही घेतलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदार हे सांगत नाहीत.

रंग तपासायला मामींकडून एक मोसंबी मागून घेतली. जालन्याच्या मोसंबीचा रंग घरातल्या प्रत्येकाला पाठ. तिचा फोटो काढून टीव्हीवर लावला आणि फळ बाजूला धरलं. भडक अवस्थेत मोसंबी प्लास्टिकची वाटत होती, 'फिल्ममेकर' अवस्थेत फळासारखी. पण पांढरा शर्ट पिवळट दिसतो, अशी लगेच हरकत आली. दुकानातला पांढरा हा खरं तर निळसर असतो. निळसर पांढरा जास्त उजळ भासतो म्हणून तो ठेवतात. चित्रपट रंगवताना पांढऱ्याचं प्रमाण ६५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडाचं धरतात. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. जेवणाची ताटं मांडेपर्यंत पिवळेपणाची तक्रार विरली होती. मेंदू आपला पांढरा स्वतः ठरवतो. शेवटी दोन अवस्था नोंदवून ठेवल्या, दिवसाची उजळ आणि रात्रीची खरी, आणि दाराला जाड पडदा लावायचं मामेभावानं कबूल केलं.

"पण मालिका अजून धुरकटच दिसती," मामी म्हणाल्या. साध्या एसडी वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर वीसपट ठिपके आहेत. वीसपैकी एकच ठिपका बाहेरून आलेला, उरलेले एकोणीस टीव्हीनं शेजाऱ्यापाजाऱ्याकडे बघून अंदाजानं भरलेले. त्यामुळे याच मालिकेची एचडी वाहिनी घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि इथेच एक कडू गोष्ट सांगून टाकतो. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो. ६५ इंची फोर-के पडद्याचा एक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा. हिशेब केला तर सव्वा मीटरच्या, म्हणजे चार-सव्वाचार फुटांच्या पलीकडून हे ठिपके वेगळे दिसत नाहीत. मामांचा सोफा बारा फुटांवर आहे. तिथून एचडी आणि फोर-के यांतला तपशिलाचा फरक डोळ्याला कळणारच नाही. कळतो तो उजळपणाचा आणि रंगांचा. एखादं पोर मात्र सारखं टीव्हीजवळ सरकत असेल तर त्याला ओरडण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. जवळ बसल्यानं चष्मा लागला असं बहुतेकदा नसतं, चष्म्याची गरज असल्यामुळे ते जवळ बसलेलं असतं. अंगणात, उजेडात खेळणारी मुलं लघुदृष्टीपासून काही प्रमाणात वाचतात, हे मात्र अनेक अभ्यासांतून पुढे आलेलं आहे.

दुपारी पुतण्याची पाळी. 'उशिरा वळते' हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघतात, म्हणजे एक चित्र सुमारे ४.२ मिलिसेकंदांचं. एकाच चौकटीत बोट आणि पडदा दोन्ही येतील असा फोन धरला, त्याला बटण दाबायला सांगितलं आणि बोट टेकल्यापासून गाडी हलेपर्यंतची चित्रं मोजली. पाच वेळा केलं. सरासरी ४१ चित्रं आली, म्हणजे सुमारे १७० मिलिसेकंद. पोराचं म्हणणं खरं होतं. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसालाच साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात; त्यात आणखी १७० वाढले तर वळण हुकणारच.

हा वेळ कुठे जातो? थोडा कन्सोलमध्ये, थोडा गेममध्ये, तो टाळता येत नाही. उरलेला टीव्हीत. येणारं चित्र टीव्ही लगेच दाखवत नाही. आधी दोन-तीन चित्रं पोटात धरतो, त्यांच्यामधली नवी चित्रं बनवतो, कडा साफ करतो. चित्रपटात याचा त्रास नसतो, कारण सगळंच सारखं उशिरा येतं. गेममध्ये तुमचं बोट पुढे असतं. 'गेम मोड' हे सगळं सोपस्कार बंद करतो. तो लावला आणि पुन्हा मोजलं: २२ चित्रं, सुमारे ९२ मिलिसेकंद. जवळजवळ ८० मिलिसेकंद नुसत्या नटण्यामुरडण्यात चालले होते.

दुसरा दोष केबलचा. टीव्ही सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा, कन्सोलही तशीच, पण पडद्यावर माहिती उघडली तर ६० दिसत होते. फोर-केमध्ये १२० चित्रं नेणाऱ्या एचडीएमआय २.१ ला ४८ गिगाबिटपर्यंतची वाट असते; जुन्या २.० ला १८ ची. पुतण्यानं सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल लावली होती आणि तीही चुकीच्या खाचेत. बऱ्याच टीव्हींत चार खाचांपैकी सगळ्या वेगवान नसतात, शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि मेन्यूत त्या खाचेचा वेगवान सिग्नल वेगळा चालू करावा लागतो. कन्सोलच्या खोक्यात मिळालेली केबल प्लास्टिकच्या पिशवीत तशीच गुंडाळलेली सापडली.

गेमच्या सुरुवातीला झगमगाटाची सूचना येते, ती पुतण्या न वाचता पुढे ढकलतो. तिच्यामागे खरी घटना आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात सेकंदाला सुमारे १२ वेळा लाल-निळा प्रकाश लखलखला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. प्रकाशानं फिट येण्याचा धोका फार थोड्यांना असतो, पण पडदा जितका मोठा, उजळ आणि खोली जितकी अंधारी, तितका तो वाढतो. खेळताना खोलीत एक दिवा असावा, एवढं मामींना सांगितलं.

मेकॅनिकचा मुख्य पुरावा अजून बाकी होता: पडद्याच्या खालच्या भागात बातम्यांच्या पट्टीची पुसट सावली. "हे बघा, जळालंय," असं तो म्हणाला होता. ओलेडमध्ये एकच चित्र महिनोन्महिने राहिलं तर ते ठिपके जास्त झिजतात, हे खरं. पण पाच आठवड्यांत कायमचा डाग पडावा एवढं या घरात कुणी टीव्हीला जुंपलं नव्हतं. मी विचारलं, रात्री टीव्ही बंद कसा करता? मामी अभिमानानं म्हणाल्या, "बटणच बंद करती मी भिंतीवरचं. वीज जळती ना उगं." आपल्याकडची ही चांगली सवय इथे नडली होती. काही तासांच्या वापरानंतर असा टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, ठिपक्यांची तपासणी करून त्यांची थकावट सावरून घेतो. भिंतीवरचं बटण बंद झालं की ते काम होतच नाही. रोज रात्री मामी त्याची झोप मोडत होत्या. त्या दिवशी रिमोटनं बंद करून तसाच ठेवला. आठवडाभरात सावली गेल्याचा निरोप आला. अर्थात ढगांचा गडगडाट सुरू झाला की भिंतीतून प्लग काढायचा, आणि गच्चीवरच्या छत्रीची वायरही. मराठवाड्यातल्या वळवाच्या विजांपुढे हमीचा कागद चालत नाही.

संध्याकाळी मामा ओट्यावरून आत आले, तेव्हा आवाजाला हात घातला.

चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. म्हणून साउंडबार घेतला हे बरंच केलं होतं. पण तो ब्लूटूथनं जोडलेला. लावणाऱ्यानं एचडीएमआय केबल आवाज परत नेणाऱ्या, 'ईएआरसी' लिहिलेल्या खाचेऐवजी पहिल्या दिसेल त्या खाचेत घातली, आवाज येईना, म्हणून ब्लूटूथ लावून तो मोकळा झाला. ब्लूटूथमध्ये आवाज आवळून, पाठवून, पुन्हा उलगडावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. पडद्यावर उजेडाचा ठिपका आणि 'टिक' एकाच क्षणी येणारा चाचणीचा व्हिडिओ लावला, मोबाइलवर सेकंदाला ६० चित्रांनी तो टिपला. ठिपका उजळला आणि टिक तेरा चित्रांनंतर ऐकू आली. सुमारे २१५ मिलिसेकंद.

हे जास्त की कमी? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत याचे आकडे आहेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळतं. उशिरा आलेला मात्र १२५ पर्यंत कळत नाही, आणि १८५ पर्यंत तो चालवून घेतो. उशिराला ही सवलत का, ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असेल तर हात आधी खाली येतो, आवाज मागून. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, उजेड तत्क्षणी पोहोचतो. उशिरा येणारा आवाज निसर्गात आहे, आधी येणारा कुठेच नाही. तरीही २१५ ही मर्यादा ओलांडलेली होती, आणि मामा सोडून कुणालाच ती खटकली नव्हती.

मामांनाच का, हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या सतावू लागला. केबल बदलली, उशीर दोन चित्रांवर आला. बातम्या लावल्या. मामा पुढे झुकून निवेदिकेच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "आता बरं कळायलंय." मी म्हटलं, मामा, डोळे मिटून ऐका. त्यांनी मिटले. मग दोन मिनिटांनी उघडले आणि काहीच बोलले नाहीत.

१९५४ साली अमेरिकेत समबी आणि पोलॅक या संशोधकांनी दाखवलं होतं, की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द कितीतरी जास्त समजतात. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी त्याच्या पुढचं दाखवलं: कानावर 'बा' पडतं आहे आणि ओठ 'गा' म्हणताहेत असं चित्र दाखवलं, तर बहुतेकांना 'डा' ऐकू येतं. आपण सगळेच थोडे ओठ वाचतो. ज्याचा कान कमी झालेला असतो तो जास्त वाचतो, आणि बहुधा त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं. मामा जुन्या टीव्हीवर ओठांच्या आधारानं बातम्या ऐकत होते. नव्या टीव्हीनं आधी चेहरे अंधारात घातले, मग ओठ आणि शब्द यांची फारकत केली. काठी काढून घेतल्यावर माणूस लंगडतो हे सगळ्यांना दिसलं. काठी होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

साउंडबार तपासायला मी नेहमी शुद्ध स्वर वाजवतो, खालच्या २५० हर्ट्झपासून वर ८००० पर्यंत. आवाज बेताचा ठेवून ते सुरू केले. १००० ला मामांनी मान हलवली. २००० ला हलवली. ४००० ला म्हणाले, "लांबून येतंय काहीतरी." ८००० ला पुतण्यानं तोंड वाकडं केलं, वहिनींनी "बंद करा ओ" म्हटलं आणि मामांनी मला विचारलं, "बंद केलंस का?"

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग मामा स्वतःच हसले. "गिरणी खाल्ली रे कानाला," म्हणाले. बावीस वर्षं त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीचा आवाज ८५-९० डेसिबलच्या घरात सहज जातो आणि रोज आठ तास तो सोसणारा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास झिजतो. वयानं येणारा बहिरेपणाही उंच स्वरांपासूनच सुरू होतो. स्वर, म्हणजे अ-आ-ओ, खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे 'आवाज तर येतोय' असं वाटत राहतं. स, श, फ, थ, ख यांची सळसळ वरच्या पट्टीत असते, ती गळते. मग 'सात' आणि 'साथ', 'पास' आणि 'फास' एकच होतात. अशा माणसासाठी टीव्हीचा आवाज ६० वर नेला तर गडगडाट वाढतो, शब्द वाढत नाहीत. घरात मात्र रोज यावरून कुरबुर. वहिनींचं तान्हं बाळ दचकून उठायचं. मामांचं ओट्यावर बसणं ही त्या कुरबुरीवरची त्यांची तोड होती.

स्पीकरचे स्वर म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी मात्र डॉक्टरही वापरतात: हातभर अंतरावर मागे उभं राहायचं, एका कानाची पाळी दाबून चोळत ठेवायची आणि श्वास सोडून झाल्यावर दुसऱ्या कानाशी तीन आकडे-अक्षरं कुजबुजायची. 'चार, क, सात.' मामांना दोन्ही कानांनी सहापैकी दोन आले. मग मात्र पुढे ढकलण्यासारखं काही उरलं नाही.

तोवर साउंडबारमध्ये जे जमण्यासारखं होतं ते केलं. चित्रपटातले संवाद मधल्या चॅनेलमधून येतात, तो तीन पायऱ्या वाढवला. रात्रीची अवस्था लावली, ती स्फोट दाबते आणि कुजबुज उचलते. खालचा घुमारा कमी केला. मराठीतही उपशीर्षकं मिळतात तिथे ती चालू केली.

पुढच्या आठवड्यात मामेभाऊ मामांना छत्रपती संभाजीनगरला घाटीत कान-नाक-घसा विभागात घेऊन गेला. आधी कानातला मळ काढला. निम्म्या लोकांना वाटतं आपल्याला तेवढंच झालंय, आणि काहींना खरंच तेवढंच झालेलं असतं. मग ऑडिओग्राम. १००० हर्ट्झपर्यंत रेषा जवळजवळ सपाट, तिथून पुढे घसरगुंडी, ४००० ला ५५ डेसिबल, ८००० ला ७०, दोन्ही कान सारखे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक ऐकू येत नाही. मामांचा कागद त्यातलाच. डॉक्टरांनी दोन्ही कानांना श्रवणयंत्र सांगितलं आणि लवकर सांगितलं, कारण ऐकू न येणारा माणूस माणसांतून उठतो, आणि बहिरेपणाकडे दुर्लक्ष हे उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत आता मोजलं जातं.

यंत्राचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. ताटं आपटल्याचा आवाज, पंख्याची घरघर, पिशवीची चुरचुर, वर्षानुवर्षं न ऐकलेलं सगळं एकदम अंगावर आलं. मामांनी ते दोनदा डबीत ठेवून दिलं. मेंदूला हे पुन्हा शिकायला काही आठवडे लागतात हे ऑडिऑलॉजिस्टनं आधीच सांगितलं होतं, म्हणून मामींनी रोज दोन तास, मग तीन, असं घालायला लावलं. तपासायला मध्ये एकदा जाऊन यावं लागलं, त्यात ४००० च्या पट्टीची जोड थोडी कमी केली.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. दाराला पडदा होता, भिंतीवरच्या बटणाला मामींनी चिकटपट्टी लावली होती, आणि साउंडबारचा आकडा २२ वर होता. मामा बातम्या बघत होते आणि मध्येच पुतण्याला म्हणाले, "तुझ्या त्या गाडीचा आवाज कमी कर जरा, मला ऐकू येतंय." मेकॅनिक मात्र गावात सांगत असतो, की पॅनल बदलल्याशिवाय हे शक्यच नव्हतं.